सोळा आठवड्यांचे संशोधन आणि त्याआधीचा अर्ज

पदवीच्या विद्यार्थ्याने जे आधीच ज्ञात आहे ते शिकावे आणि अज्ञाताचा शोध पुढे पीएचडी करणाऱ्यांनी घ्यावा, अशी वाटणी बहुतेक विद्याशाखांत गृहीत धरलेली असते. संगणकशास्त्रात मात्र ती फार काळ टिकली नाही, कारण हे शास्त्र तरुण आहे, त्याच्या कित्येक प्रश्नांना महागडी प्रयोगशाळा लागत नाही आणि पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणापासून अनुत्तरित प्रश्नांपर्यंतचे अंतर काही ठिकाणी आश्चर्य वाटावे इतके कमी आहे. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात १९६५ च्या उन्हाळ्यात जे घडले ते याचे उत्तम उदाहरण होय. त्या विद्यापीठाकडे आयबीएम ७०४० हा संगणक होता आणि त्याच्याबरोबर फोरट्रान भाषेचा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळणाऱ्या सूचनांमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, आलेला होता. परंतु विद्यार्थ्यांच्या लहानलहान प्रोग्रॅमांसाठी तो संथ होता आणि चूक नेमकी कोठे झाली हे नवशिक्याला कळेल अशा रीतीने तो सांगत नसे. प्राध्यापक वेस ग्रॅहम यांच्या पुढाकाराने गणिताच्या तिसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी त्या उन्हाळ्यात नवा कंपायलर लिहिला, त्याला ‘वॉटफोर’ असे नाव मिळाले, आणि वेगासाठी व चुकांच्या स्पष्ट निदानासाठी पुढे अनेक विद्यापीठांनी तो स्वीकारला.

भारतातील उदाहरण याहूनही बोलके आहे. एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला दुसरा विभाजक नाही याची खात्री करून घेणे, हा फार जुना प्रश्न. तो संगणकाने नशिबावर किंवा सिद्ध न झालेल्या गृहीतकावर विसंबून न राहता आणि संख्येतील अंक वाढत गेले तरी आटोक्यात राहील अशा वेळात सोडवावा, ही अपेक्षा बराच काळ अपुरी राहिली होती. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक मणींद्र अग्रवाल यांनी एका सहकाऱ्यासह या दिशेने एक पद्धत आधी मांडलेली होती, तिच्यातून पुढे आलेल्या प्रश्नावर बी.टेक.च्या दोन विद्यार्थ्यांनी प्रकल्प केला, आणि त्यानंतरच्या तुकडीतील नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी तोच धागा आपल्या बी.टेक. प्रकल्पात पुढे नेला. ऑगस्ट २००२ मध्ये तिघांनी मिळून त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर जाहीर केले आणि २००६ मध्ये त्यांना सैद्धांतिक संगणकशास्त्रातील मानाचे गोडेल पारितोषिक मिळाले. असे यश क्वचितच मिळते, परंतु त्यामागची रचना क्वचित आढळणारी नाही: अनेक वर्षे एका प्रश्नाचा पाठपुरावा करणारा शिक्षक, त्या प्रश्नाचा विद्यार्थ्याला पेलेल असा बेतशीर तुकडा, आणि त्या तुकड्यावर अखंड काम करता येईल एवढा मोकळा वेळ. पदवीपूर्व संशोधनासाठीचे जे पुरस्कार निरनिराळ्या देशांत दिले जातात ते याच रचनेला पैशाचे पाठबळ देतात, आणि त्यांच्यासाठी अर्ज करणे म्हणजे वस्तुतः ही रचना स्वतःभोवती उभी करणे होय.

कॅनडात या कामासाठीची सर्वांत परिचित योजना नॅचरल सायन्सेस अँड इंजिनिअरिंग रिसर्च कौन्सिल या केंद्रीय संस्थेची आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेली आणि सर्वत्र ‘एनसर्क’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी ही संस्था निसर्गविज्ञाने व अभियांत्रिकी यांतील विद्यापीठीय संशोधनाला अनुदान देते, संगणकशास्त्रही तिच्याच कक्षेत येते, आणि तिच्या ‘अंडरग्रॅज्युएट स्टुडंट रिसर्च अवॉर्ड’ या योजनेला विद्यार्थी यूएसआरए म्हणतात. या योजनेत पदवीच्या विद्यार्थ्याला सुमारे सोळा आठवडे, बहुधा मे ते ऑगस्ट या उन्हाळी सत्रात, एखाद्या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली पूर्णवेळ संशोधन करता येते आणि त्याचे मानधन मिळते. पूर्वी एनसर्कचा वाटा ४,५०० कॅनेडियन डॉलर होता, तो नंतर ६,००० करण्यात आला, आणि त्यात मार्गदर्शकाने किंवा विद्यापीठाने आपल्या निधीतून भर घालायची असते. ही रक्कम जगण्यापुरती ठीक असली तरी मोठी नाही, आणि सॉफ्टवेअर कंपनीतील उन्हाळी इंटर्नशिपमध्ये बहुधा याहून पुष्कळ अधिक पैसे मिळतात, हे अर्ज करणाऱ्याने व त्याच्या पालकांनी आधीच मनाशी स्पष्ट करून घ्यावे. ही योजना कमाईसाठी नसून, पुढे एम.एस. किंवा पीएचडीकडे वळावे की नाही याचा निर्णय ऐकीव माहितीवर न घेता स्वतःच्या अनुभवावर घेता यावा यासाठी आहे, आणि त्या दृष्टीने पाहता चार महिन्यांचा हा सौदा अतिशय लाभाचा आहे.

पात्रतेच्या अटी थोड्या आहेत, पण त्या शिथिल होत नाहीत. अर्जदार कॅनडाचा नागरिक, कायमचा रहिवासी किंवा निर्वासितांच्या कायद्याखाली संरक्षण मिळालेली व्यक्ती असावा लागतो; पदवीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण झालेला असावा लागतो; आणि एकंदर गुणांची सरासरी किमान द्वितीय श्रेणीची, म्हणजे विद्यापीठाच्या मोजणीनुसार साधारण बी किंवा बी उणे इतकी, असावी लागते. एका विद्यार्थ्याला पदवीच्या काळात हा पुरस्कार जास्तीत जास्त तीन वेळा आणि एका आर्थिक वर्षात एकदाच घेता येतो. कॅनडाच्या केंद्र सरकारचे आर्थिक वर्षही भारतातल्याप्रमाणे १ एप्रिलला सुरू होत असल्याने हा हिशेब मराठी कुटुंबांना नवा वाटू नये. टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील जी मुले तेथेच वाढली त्यांना यातील पहिली अट सहज पूर्ण करता येते, परंतु पुण्याहून किंवा नागपुराहून बारावीनंतर विद्यार्थी-परवान्यावर तेथे शिकायला गेलेल्या मुलाला ती पूर्ण करता येत नाही, मग त्याचे गुण कितीही उत्तम असोत. अशा विद्यार्थ्याने निराश होऊन थांबण्याचे कारण मात्र नाही, कारण अनेक विद्यापीठे स्वतःच्या निधीतून याच धर्तीची उन्हाळी संशोधनवेतने देतात व त्यांतील काही परदेशी विद्यार्थ्यांना खुली असतात, शिवाय प्राध्यापक आपल्या अनुदानातून थेट संशोधन-साहाय्यक नेमू शकतात. त्यामुळे पुढे अर्जाविषयी जे सांगितले आहे त्यातील बहुतेक भाग त्यालाही लागू पडतो.

निवड कोण करते याविषयी विद्यार्थ्यांत बराच गैरसमज आढळतो. एनसर्क प्रत्येक विद्यापीठाला ठरावीक संख्येचा कोटा देते, विद्यापीठ तो आपापल्या पद्धतीने विभागांत वाटते, आणि कोणत्या विद्यार्थ्याचे नाव पुढे पाठवायचे हे मुख्यतः विद्यापीठाच्या पातळीवर ठरते. म्हणजे राजधानीत बसलेली एखादी अनोळखी समिती हजारो अर्ज चाळत आहे हे चित्र खरे नसून, ज्या इमारतीत विद्यार्थी रोज शिकतो त्याच इमारतीत त्याच्या अर्जाचा कौल बहुतांशी लागतो. कोट्याबाहेरही काही नावे पाठवता येतात: स्वतःची ओळख आदिवासी किंवा कृष्णवर्णीय अशी नोंदवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एनसर्कने तशी तरतूद केली आहे, आणि संगणकशास्त्रात या दोन्ही समाजांचे प्रमाण किती अल्प आहे हे पाहता ती आवश्यकच म्हणावी लागेल.

अर्ज ज्या नमुन्यावर भरायचा त्याला फॉर्म २०२ म्हणतात आणि त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग विद्यार्थी भरतो: शिक्षण, आधीचा कामाचा अनुभव, मिळालेली पारितोषिके, आणि जोडीला विद्यापीठाचे अधिकृत गुणपत्रक. दुसरा भाग मार्गदर्शक भरतो, आणि त्यात संशोधन प्रकल्पाची रूपरेषा, त्या प्रकल्पात विद्यार्थ्याने नेमके काय करायचे, आणि त्याला कोणते प्रशिक्षण व मार्गदर्शन मिळणार, हे लिहावे लागते. या रचनेचा अर्थ ज्याला नीट कळला त्याला अर्जाचे मर्म कळले असे म्हणता येईल, कारण तिच्यावरून उघड होते की अर्जातील सर्वांत वजनदार मजकूर विद्यार्थी स्वतः लिहीतच नाही. त्याचे गुण त्याला दारापर्यंत आणतात, परंतु त्याच्यासाठी खास विचार करून लिहिलेला, त्याच्या तयारीशी जुळणारा आणि चार महिन्यांत तडीस जाऊ शकणारा प्रकल्प मार्गदर्शकाच्या भागात दिसला नाही, तर छाननी करणाऱ्यांच्या हाती तुलनेसाठी केवळ आकडे उरतात, आणि आकड्यांच्या स्पर्धेत थोड्याशा फरकाने मागे पडणारे विद्यार्थी नेहमीच अनेक असतात. म्हणून फॉर्म उघडण्याच्या कितीतरी आधी मार्गदर्शक शोधणे आणि त्याच्याबरोबर प्रकल्प घडवणे हेच खरे अर्ज करणे आहे.

मार्गदर्शक शोधण्याच्या बाबतीत विभागांच्या रीती वेगवेगळ्या असतात. काही विभाग प्राध्यापकांनी सुचवलेल्या प्रकल्पांची यादी प्रसिद्ध करतात आणि विद्यार्थ्याला त्यांतून पसंतीक्रम द्यायला सांगतात, तर काही ठिकाणी विद्यार्थ्यानेच प्राध्यापक गाठून त्याची संमती मिळवायची असते. दुसऱ्या प्रकारात बहुतेक विद्यार्थी एक ठराविक चूक करतात: एकच मजकूर वीस प्राध्यापकांना ई-मेलने धाडतात, ज्यात आदराचे शब्द भरपूर असतात आणि समोरच्याच्या कामाविषयी एकही वाक्य नसते. असे पत्र वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही, म्हणून त्याला उत्तरही येत नाही. याउलट, ज्या प्राध्यापकाकडे काम करण्याची इच्छा आहे त्याचा अलीकडचा एखादा शोधनिबंध काढून त्याची प्रस्तावना आणि निष्कर्ष शांतपणे वाचले, मधला गणिती किंवा तांत्रिक भाग जेवढा समजेल तेवढा समजून घेतला, आणि त्यातील एखाद्या ठिकाणाविषयी प्रामाणिक प्रश्न विचारला, तर आठ-दहा ओळींचे पत्रसुद्धा पुरेसे होते. त्या पत्रात विद्यार्थी कोणत्या वर्षात आहे, कोणते विषय त्याने पूर्ण केले आहेत, कोणत्या भाषेत तो विश्वासाने प्रोग्रॅम लिहू शकतो आणि कोणत्या सत्रात तो पूर्णवेळ मोकळा आहे, एवढे यावे व गुणपत्रक सोबत जोडावे. ज्या प्राध्यापकाच्या वर्गात विद्यार्थी बसलेला आहे, ज्याने त्याच्या शंका ऐकल्या आहेत, त्याच्याकडे जाणे तर याहूनही सोपे. कॅनडातील विद्यापीठांत प्राध्यापक आठवड्यातील ठरावीक तास विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवतात आणि त्या वेळेत दार ठोठावणे हा तेथे धीटपणा मानला जात नाही. वडीलधाऱ्यांपुढे आपणहून बोलू नये अशा वळणात वाढलेल्या आपल्याकडच्या मुलांना हे जड जाते, आणि नेमक्या याच संकोचामुळे चांगले विद्यार्थी मागे राहतात, ही खेदाची गोष्ट आहे.

प्राध्यापकाच्या बाजूनेही विचार करून पाहिला पाहिजे. पदवीच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतील कोड, माहितीसंच आणि कामाच्या सवयी समजेपर्यंत उन्हाळ्याचा बराच भाग निघून जातो, त्या काळात एखादा पीएचडीचा विद्यार्थी किंवा स्वतः प्राध्यापक आपला वेळ त्याला देत असतो, आणि शेवटी हाती काही लागेलच याची हमी नसते. तरीही प्राध्यापक विद्यार्थी घेतात, कारण चांगला सहकारी घडवण्याचा तोच मार्ग आहे. परंतु घेताना ते गुणांइतकेच आणखी एक पाहतात: अडलेले काम घेऊन हा विद्यार्थी आठवडाभर टिकून राहील का, आणि अडल्यावर ते न लपवता येऊन सांगेल का? वर्गातील गृहपाठाला उत्तर असते हे आधीच ठाऊक असते, संशोधनात ते ठाऊक नसते, आणि या अनिश्चिततेत शांतपणे काम करत राहण्याची क्षमता गुणपत्रकावर कोठेही उमटत नाही. ती दाखवण्याची एक रीत म्हणजे स्वतःहून केलेले एखादे काम, मग ते लहान का असेना: मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात सुधारलेला एखादा दोष, एखाद्या शोधनिबंधातील प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा प्रयत्न, किंवा एखाद्या विषयाच्या अभ्यासात अपेक्षेपलीकडे नेलेला प्रकल्प. अशा कामाचा कोड स्वच्छ लिहून, तो कसा चालवायचा याच्या सूचनांसह गिटहबवर ठेवला, तर गुणपत्रक जे सांगू शकत नाही ते तो सांगतो.

प्रकल्प ठरवताना सोळा आठवड्यांत काय मावते याचे भान सर्वांत महत्त्वाचे ठरते, आणि हे मोजमाप संगणकशास्त्राच्या प्रत्येक शाखेत वेगळे आहे. सैद्धांतिक संगणकशास्त्रात, म्हणजे एखादा प्रश्न सोडवायला किमान किती पायऱ्या किंवा किती स्मृती लागते अशा गोष्टी गणिताने सिद्ध करण्याच्या शाखेत, उपकरण लागत नाही पण फलनिष्पत्ती सांगता येत नाही. टोरांटो विद्यापीठातील स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये ज्या शोधनिबंधाने एनपी-पूर्णतेची संकल्पना दिली, त्यातून उभा राहिलेला मूळ प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर झटपट तपासता येते असा प्रत्येक प्रश्न झटपट सोडवताही येतो का हा, आजही अनुत्तरित आहे. म्हणून अशा शाखेतील शहाणा प्रकल्प मोठ्या प्रश्नावर थेट चाल करत नाही. तो एखाद्या ज्ञात प्रमेयाची विशेष स्थिती घेतो, लहान उदाहरणे संगणकाने तपासून अनुमान बांधतो, किंवा जुनी सिद्धता सोपी करू पाहतो. तरीही येथे नवख्या नजरेला आशा आहे: रटगर्स विद्यापीठातील अँड्र्यू क्रापिविन या विद्यार्थ्याने पदवीच्या काळात वाचलेल्या एका शोधनिबंधातून सुरुवात करून हॅश टेबल या अत्यंत मूलभूत रचनेविषयी १९८५ पासून मानले गेलेले एक अनुमान चुकीचे असल्याचे दाखवले आणि दोन सहलेखकांसह २०२५ मध्ये ते मांडले. हॅश टेबल म्हणजे माहिती अशा रीतीने ठेवण्याची पद्धत की ती शोधताना सगळी यादी चाळावी लागू नये. जगातील जवळपास प्रत्येक मोठे सॉफ्टवेअर ती वापरते, आणि इतक्या वापरातल्या वस्तूतही शोधण्यासारखे काही शिल्लक होते.

यंत्रशिक्षणाच्या शाखेत, जिच्यात संगणक उदाहरणांवरून नियम शिकतो, परिस्थिती उलटी असते: काहीतरी आकडे पहिल्या पंधरवड्यातच हाती येतात, पण त्या आकड्यांना अर्थ आहे की नाही हे ठरवणे कठीण असते. आपल्या नव्या पद्धतीची तुलना ज्या जुन्या पद्धतीशी करायची ती पद्धत तितक्याच काळजीने चालवली नाही, प्रयोग एकदाच करून थांबले, किंवा तपासणीसाठी राखून ठेवलेली उदाहरणे नकळत शिकवण्यातच मिसळली, तर सुधारणा झाल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात काहीच सुधारलेले नसते. या शाखेचा कॅनडाशी असलेला संबंध मोठा आहे. टोरांटोत जेफ्री हिंटन यांनी आणि माँट्रिऑलमध्ये योशुआ बेंजिओ यांनी मज्जाजालांचे, म्हणजे मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या शिकणाऱ्या रचनांचे, संशोधन अशा काळात टिकवून धरले, जेव्हा बहुतेक ठिकाणी त्याला मागणी नव्हती, आणि संगणकशास्त्रातील अत्यंत मानाचे २०१८ चे ट्युरिंग पारितोषिक त्या दोघांना यान लेकून यांच्यासह मिळाले. या परंपरेमुळे आज तेथे या विषयात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची गर्दी आहे, आणि ज्याच्या मनात विशिष्ट प्रश्न नसून केवळ ‘एआयमध्ये काहीतरी करायचे आहे’ एवढाच विचार आहे त्याचे पत्र या गर्दीत हरवते. त्यापेक्षा डेटाबेस, संगणकीय जाळी, प्रोग्रॅमिंग भाषा किंवा सॉफ्टवेअर अभियांत्रिकी अशा कमी गाजलेल्या शाखांकडे वळणाऱ्याला लक्ष देणारा मार्गदर्शक मिळण्याची शक्यता अधिक असते, आणि संशोधनाची रीत शिकायला विषय कोणताही पुरतो.

दोन व्यावहारिक बाबी अर्जाच्या वेळीच पाहाव्या लागतात, अन्यथा उन्हाळा त्यांतच सरतो. पहिली संगणनशक्तीची. मोठे प्रयोग लॅपटॉपवर होत नाहीत. कॅनडात विद्यापीठांना सामायिक महासंगणक उपलब्ध करून देणारी राष्ट्रीय व्यवस्था आहे, आणि तिच्यातील वॉटरलूच्या एका महासंगणकाला ‘ग्रॅहम’ हे नाव वॉटफोरच्या त्याच वेस ग्रॅहम यांच्यावरून देण्यात आले होते. या व्यवस्थेतील खाते विद्यार्थ्याला मार्गदर्शकाच्या पाठिंब्यानेच मिळते, म्हणून ते पहिल्या दिवसापूर्वी काढून ठेवणे इष्ट. दुसरी बाब नैतिक परवानगीची. मानव-संगणक संवाद या शाखेत माणसांवर अभ्यास केला जातो, म्हणजे वापरकर्त्यांना एखादी रचना वापरायला देऊन त्यांचे निरीक्षण केले जाते किंवा त्यांच्या मुलाखती घेतल्या जातात, आणि कॅनडात अशा प्रत्येक अभ्यासाला विद्यापीठाच्या संशोधन नैतिकता मंडळाची पूर्वमान्यता लागते. हे मंडळ सहभागींची संमती कशी घेणार, त्यांची माहिती कोठे ठेवणार, त्यांना काही अपाय संभवतो का, असे प्रश्न विचारते आणि दुरुस्त्यांसह या प्रक्रियेत कित्येक आठवडे जाऊ शकतात. मे महिन्यात काम सुरू करून मग परवानगी मागणाऱ्या प्रकल्पात विद्यार्थ्याच्या वाट्याला केवळ प्रतीक्षा येते; म्हणून अशा प्रकल्पाविषयी पहिल्याच भेटीत विचारण्याचा प्रश्न हा की मान्यता आधीच मिळालेली आहे का, आणि नसल्यास अर्ज कधी जाणार आहे.

फॉर्मच्या पहिल्या भागाविषयी फार सांगण्यासारखे नाही. जे केले आहे ते नेमकेपणाने लिहावे; ‘संकेतस्थळ बनवले’ याऐवजी कोणासाठी, कशाच्या साहाय्याने आणि किती लोकांनी वापरले हे लिहावे. गुणपत्रकात एखादे सत्र घसरलेले असेल आणि त्याला आजारपण, घरातील अडचण किंवा शिकता शिकता करावी लागलेली नोकरी असे कारण असेल, तर ते मार्गदर्शकाला आधीच सांगावे. सुधारत गेलेला आलेख हा सपाट चांगल्या आलेखापेक्षा नेहमीच कमी मानला जातो असे नाही, पण कारण कळल्याशिवाय त्याचा अर्थ लावणे कोणालाही शक्य नसते. मुदतीचे मात्र कडक पालन करावे लागते, आणि येथे लक्षात ठेवायची मुदत एनसर्कची नसून विभागाची असते, जी बरीच आधी संपते.

यूएसआरए हा करायच्या कामासाठी मिळणारा पुरस्कार आहे. केलेल्या कामाचा गौरव करणारे पुरस्कार वेगळे, आणि त्यांत उत्तर अमेरिकेत कम्प्युटिंग रिसर्च असोसिएशन या संघटनेचा पदवीपूर्व संशोधकांसाठीचा पुरस्कार सर्वाधिक मान्यता पावलेला आहे. त्यासाठी विद्यार्थ्याला स्वतः अर्ज करता येत नाही, विभागाने त्याचे नाव सुचवावे लागते, आणि प्रकाशित शोधनिबंध व मार्गदर्शकांची पत्रे यांना तेथे मोठे वजन असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्याकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. पहिल्या उन्हाळ्यात मनापासून केलेले काम दुसऱ्या उन्हाळ्यात पुढे गेले, तर अशी नावे विभाग आपणहून सुचवतो.

महाराष्ट्रात राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी यासारख्या वाटा आहेत आणि त्यांची माहिती महाविद्यालयांतून पुरेशी दिली जात नाही. मुंबईत कुलाब्याला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी अभ्यागत-विद्यार्थी कार्यक्रम संगणकशास्त्रालाही खुला असतो. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती देतात. तिच्या अर्जात शिक्षकाच्या शिफारशीबरोबर विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले छोटे टिपणही द्यावे लागते, आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला राष्ट्रीय संस्थेतील शास्त्रज्ञाजवळ काम करण्याची संधी देणारी ही योजना अधिक लोकांना माहीत असायला हवी. कॅनडाचीच मिटॅक्स ही संस्था ‘ग्लोबलिंक’ योजनेखाली भारतासह निवडक देशांतील पदवीच्या विद्यार्थ्यांना बारा आठवड्यांसाठी तेथील विद्यापीठांत बोलावते, परंतु तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच भरायचे असल्याने, उन्हाळा जवळ आल्यावर चौकशी करणाऱ्याच्या हातून ती संधी निसटते. अमेरिकेतील नॅशनल सायन्स फाउंडेशनची अशीच योजना आहे. तिचे वेतन मात्र केवळ अमेरिकी नागरिक व कायमचे रहिवासी यांनाच मिळते.

अर्ज नाकारला गेला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा कोटा संपला एवढाच असतो. अशा वेळी ज्या प्राध्यापकाने प्रकल्प लिहून दिला त्याच्याकडे पुन्हा जावे, कारण त्याने विचारपूर्वक तयार केलेले काम तसेच पडून असते; ते काम सत्रभराच्या संशोधन-विषयाच्या रूपाने श्रेयांकांसाठी करता येते, त्याच्या अनुदानातून पगारी साहाय्यक म्हणून करता येते, किंवा पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी राखता येते. योजनांच्या रकमा आणि अटी अधूनमधून बदलत असल्याने त्या वर्षीचे अधिकृत परिपत्रक वाचल्याशिवाय फॉर्मला हात लावू नये. आणि विभागांच्या अंतर्गत मुदती सहसा जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास संपत असल्याने, येत्या मे महिन्यात संशोधनाला बसू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्राध्यापकाला पहिले पत्र ऑक्टोबरातच लिहावे.